रोहिणी, कृत्तिका आणि जुना लॅपटॉप: तारे मोजण्याच्या प्रकल्प नोंदी

जळगावातली आमची गच्ची, फैजपूरजवळची मामांची केळीची बाग आणि सातपुड्यात पालच्या बाजूला ओळखीच्यांचं शेत. या तिन्ही ठिकाणांहून आकाशाचा एकच तुकडा एकाच कॅमेऱ्याने टिपायचा आणि त्यात किती तारे सापडतात ते सॉफ्टवेअरकडून मोजून घ्यायचं, एवढंच काम ठरवलं होतं. डोळ्यांनी मोजलं की प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. लहानपणी बागेत खाटेवर पडून जे आकाश पाहिलं, त्यातलं किती उरलंय ते मला आकड्यात हवं होतं.

कॅमेरा कॅनन १५००डी, आतेभावाचा. तो लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे त्याला काम नसेल त्या दिवशीच मिळतो. लेन्स ५० मिमीची. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, त्यावर उबुंटू. सॉफ्टवेअर सोर्स एक्स्ट्रॅक्टर: बर्तँ आणि आर्नू या दोघांनी १९९६ साली शोधनिबंधातून मांडलेलं, फुकट मिळणारं. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करायची. पॅरामीटरची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती मोठ्या रोमन अक्षरांत असतात आणि दोन शब्दांच्या मध्ये अधोरेषा असते.

२८ डिसेंबर २०२४, शनिवार. गच्ची.

रोहिणी आणि कृत्तिका एकाच फ्रेममध्ये घ्यायच्या ठरवल्या. आपण २१ अक्षांशावर आणि हे तारे साधारण १६ ते २४ अंश क्रांतीचे (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश), म्हणजे खानदेशात ते जवळपास डोक्यावरून जातात. शहराचा उजेड क्षितिजाकडे जास्त असतो, माथ्यावर कमी. निवड बरोबर होती, पण कॅमेरा सरळ वर धरायचा तर ट्रायपॉडची मूठ मध्ये येते, हे ध्यानात आलं नव्हतं. एक तास त्यातच गेला. शेवटी तारे पश्चिमेला थोडे कलेपर्यंत थांबलो.

३० फ्रेम काढल्या, प्रत्येकी १५ सेकंदांच्या. सगळ्या जेपीजी.

२९ डिसेंबर, रविवार.

पॅकेज दोन मिनिटांत बसलं. नंतरचे दोन तास मात्र वाया गेले. जुन्या माहितीत आज्ञेचं नाव वेगळं आहे. उबुंटूवर आता ती पूर्ण नावाने, मध्ये जोडरेघ देऊन चालवावी लागते: सोर्स-एक्स्ट्रॅक्टर. जुनं छोटं नाव टाइप केलं की अशी आज्ञाच नाही म्हणून उत्तर येतं, आणि मी इन्स्टॉलच नीट झालं नाही असं समजून तीनदा काढून बसवलं.

आज्ञा चालली, तर डिफॉल्ट पॅरम फाइल सापडत नाही म्हणून थांबली. या सॉफ्टवेअरला तुम्ही ज्या फोल्डरमध्ये काम करताय तिथेच चार फाइली लागतात: सेटिंगची, कोणते रकाने हवेत त्याची, फिल्टरची आणि तारा की दीर्घिका ओळखणाऱ्या जाळ्याची. त्या यूएसआर-शेअर फोल्डरमध्ये पॅकेजसोबत येतात, तिथून उचलून आणायच्या. मी रकान्यांची यादी उणे-डीपी देऊन छापून घेतली आणि तीच फाइल म्हणून दिली. त्यात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असतं, म्हणजे सगळ्याच ओळी बंद. हव्या त्या ओळींचं हॅश काढायचं. मी ठेवलेले रकाने: क्रमांक, एक्स, वाय, मॅग ऑटो (तेज), एफडब्ल्यूएचएम (निम्म्या तेजाला ताऱ्याची रुंदी), इलाँगेशन (तारा किती लांबट), फ्लॅग्ज (शंकेच्या खुणा).

पुढची अडचण: हे फक्त फिट्स फाइल वाचतं, म्हणजे खगोलशास्त्रात चित्रं साठवायचा प्रकार. जेपीजीचं फिट्स करून दिलं. ‘सापडले’ ६,११२. गच्चीवरून डोळ्यांनी तीसेक दिसतात तिथे सहा हजार. मी खूश झालो आणि पुतणीला हाक मारून दाखवलं.

३० डिसेंबर, सोमवार.

खुशी टिकली नाही. चेकइमेज टाइपला ‘अपर्चर्स’ दिलं की सापडलेल्या प्रत्येक वस्तूभोवती लंबवर्तुळ काढलेलं चित्र मिळतं. हे चित्र पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. गुरूभोवती वीसपंचवीस लंबवर्तुळं, तीही चौकोनी ठेवणीत. जेपीजी आठ बाय आठ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबलं जातं, त्या ठोकळ्यांच्या कडा सॉफ्टवेअरने तारे म्हणून मोजल्या होत्या. शिवाय कॅमेऱ्यानेच नॉइज कमी करताना फिकट तारे पुसले होते. वर १५ सेकंदांत प्रत्येक तारा रेघ झाला होता आणि काही रेघांचे दोन तुकडे पडून दोन तारे झाले होते.

तिसांच्या तीस फ्रेम टाकून दिल्या.

१ जानेवारी २०२५, बुधवार. गच्ची.

आता रॉ फाइल (कॅमेऱ्याने न दाबलेले मूळ आकडे) आणि ४ सेकंद. हिशेब असा: या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा, लेन्स ५० मिमीची, म्हणजे एका पिक्सेलमध्ये सुमारे १५.३ विकला मावतात. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. आकाश विषुववृत्तावर सेकंदाला १५ विकला सरकतं, रोहिणीच्या पट्ट्यात १४ च्या आसपास. ४ सेकंदांत तारा पावणेचार पिक्सेल सरकतो. एवढं चालतं, कारण पुढे मी आडवे-उभे दोन्हीकडे पिक्सेल निम्मेच वापरणार होतो. हे ‘पुढे’ मला त्या दिवशी माहीत नव्हतं, नशिबाने जमलं.

शटर केबल घेतली, ४५० रुपये. बोटाने बटण दाबलं की कॅमेरा हलतो आणि इलाँगेशनच्या रकान्यात ते लगेच दिसतं.

५ जानेवारी, रविवार.

रॉ फाइलचं सरळ फिट्स केलं, सॉफ्टवेअर चालवलं, ३८,०००च्या वर वस्तू. पार्श्वभूमीचं चित्र मोठं करून पाहिलं तर बुद्धिबळाचा पट. रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांतला एकच रंग असतो, आणि आकाशाचा उजेड तिन्हींत वेगवेगळा उतरतो. तो उंचसखलपणाच सॉफ्टवेअर मोजत होतं.

उपाय: पायथनमध्ये रॉपाय आणि अ‍ॅस्ट्रोपाय वापरून बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. दर दोन बाय दोन चौकोनातला एकच हिरवा पिक्सेल घ्यायचा आणि त्याची फिट्स फाइल करायची. ६००० बाय ४०००ची फ्रेम ३००० बाय २०००ची होते, एका पिक्सेलमध्ये ३०.७ विकला येतात आणि ताऱ्याची रेघ दोन पिक्सेलच्या आत राहते. रंगांची सरासरी काढून राखाडी चित्र करण्याचा मोह होतो, पण त्याने शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि नॉइजचा अंदाज खोटा निघतो. हिरवाच घ्या.

आता ‘सापडले’ २,३१०.

८ जानेवारी, बुधवार.

२,३१० खरे किती? या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं तर सगळं काम फुकट होतं, म्हणून आजची नोंद लांबवतो.

डिटेक्ट थ्रेश मुळात १.५ असतो. पार्श्वभूमीच्या नॉइजच्या दीडपट उजळ पिक्सेल दिसले आणि असे पाच चिकटून असले (डिटेक्ट मिनएरिया ५), की वस्तू सापडली. साठ लाख पिक्सेलमध्ये नुसत्या योगायोगाने असे पुंजके शेकड्यांनी जमतात. ते किती, हे मोजायची एक सोपी युक्ती आहे: चित्राला उणे एकने गुणायचं. तारे खड्डे होतात. नॉइज मात्र वर जितका उसळतो तितकाच खाली जातो, त्यामुळे उलट्या चित्रात जे काही सापडेल ते सगळं खोटं.

सुलट्या चित्रात २,३१०. उलट्यात १,७०२.

म्हणजे माझ्या ताऱ्यांतला चारातला एकच खरा. खरं सांगतो, रात्री अकराला तो आकडा पाहिला आणि लॅपटॉप बंद करून झोपलो.

सकाळी उठून थ्रेशोल्ड वाढवत गेलो. २ ला १,०१२ आणि उलट्यात ३८८. २.५ ला ६९० आणि ७१. ३ ला ५४८ आणि ९. मी ३ वर थांबलो. फिकट तारे काही सुटले असणार, पण जे हाती आहेत ते तारेच आहेत. अ‍ॅनॅलिसिस थ्रेशही ३ केला. तुम्ही हे कराल तेव्हा माझा ३ उचलू नका, तुमच्या कॅमेऱ्याच्या फ्रेमवर उलटं चित्र चालवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

१२ जानेवारी, रविवार.

पुतणी नववीत आहे. तिला कॅटलॉगमधले ५४८ अपर्चरच्या चित्रावर एकेक करून पाहायला लावले होते. ती म्हणाली, “काका, हे पाहा, दोन वेगवेगळ्या फ्रेममध्ये हा तारा त्याच जागी आहे. बाकीचे सरकले, हा नाही सरकला.” ट्रायपॉड स्थिर आहे, म्हणजे तारे सरकलेच पाहिजेत. न सरकणारा तारा म्हणजे कॅमेऱ्यातला गरम पिक्सेल. असे ३४ निघाले. उलट्या चित्रात ते पकडता येत नाहीत, कारण गरम पिक्सेल नेहमी वरच जातो, खाली जात नाही. माझ्या युक्तीतलं हे भोक तिने शोधलं.

मला कोडं पडलं ते वेगळं. पाच पिक्सेल चिकटून हवेत अशी अट असताना एकटा पिक्सेल आत आला कसा? कारण शोधण्याआधी सॉफ्टवेअर चित्रावर फिल्टर फिरवतं. डिफॉल्ट कॉन्व्ह फाइलमध्ये तीन बाय तीनचं जाळं आहे: १ २ १, २ ४ २, १ २ १. एक भडक पिक्सेल त्या जाळ्याने नऊ पिक्सेलवर पसरतो आणि अट पार करतो. फिल्टर बंद करून पाहिला तर गरम पिक्सेल गेले, पण फिकट तारेही ५४८वरून ३९०वर आले. फिल्टर परत चालू केला.

त्यापेक्षा डार्क फ्रेम बरी. लेन्सला झाकण लावून त्याच थंडीत, तेवढ्याच सेकंदांच्या २० फ्रेम काढायच्या, त्यांचा मध्यक घ्यायचा आणि प्रत्येक फ्रेममधून वजा करायचा. केलं, आणि गरम पिक्सेल आणखी भडकले! कॅटलॉगमध्ये ते गुरूपेक्षा तेजस्वी. रॉ फाइलचे आकडे बिनचिन्हाचे सोळा बिटांचे असतात. त्यातून मोठा आकडा वजा झाला की उत्तर शून्याखाली जायच्या ऐवजी उलटून ६५,०००च्या घरात जाऊन बसतं. वजाबाकीआधी आकडे दशांश प्रकारात बदलायची एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली. त्या एका ओळीसाठी रविवारची सगळी दुपार गेली. वजाबाकीनंतर गरम पिक्सेल ३४ वरून ३ वर आले, आणि ते तीनही एफडब्ल्यूएचएम दीड पिक्सेलपेक्षा कमी असेल तर टाकून द्यायचं, या अटीने गेले.

१४ जानेवारी, संक्रांत.

सुट्टी होती, तिळगूळ वाटून झाल्यावर बसलो. दोन चुका सापडल्या.

एक: सॅटर लेव्हल, म्हणजे ज्याच्यापुढे पिक्सेल जळालेला धरायचा तो आकडा, मुळात ५०,००० असते. हा कॅमेरा चौदा बिटांचा, त्याची धावच १६,३८३ पर्यंत. म्हणजे गुरू आणि रोहिणी पूर्ण जळलेले असूनही सॉफ्टवेअर त्यांना निर्दोष म्हणत होतं. पाया साधारण २,०४८ चा वजा जातो हे धरून मी १३,००० ठेवली. आता जळलेल्या ताऱ्यांना फ्लॅग ४ लागतो.

दोन: फ्लॅग शून्य नसेल ते सगळं मी कचरा समजून काढत होतो. फ्लॅग २ म्हणजे शेजाऱ्याला चिकटलेला होता, सोडवून वेगळा केला, एवढंच. कृत्तिकांतले निम्मे तारे माझ्या यादीतून गायब होते ते त्यामुळे. फ्लॅग बेरजेने येतात, १ आणि २ मिळून ३. मोजणीसाठी ४ पेक्षा कमी ते सगळे ठेवले आणि जळलेले तेजस्वी तारे हाताने तपासून जोडले.

१९ जानेवारी, रविवार.

क्लास स्टार नावाचा रकाना आहे. ० म्हणजे दीर्घिकेसारखं पसरट, १ म्हणजे तारा. वाटलं, ०.९ च्या वरचे घेतले की काम झालं. घेतले, तर १२०च उरले. रोहिणीच्या आजूबाजूचे, नकाशात नाव असलेले तारेसुद्धा गेले. तारा की दीर्घिका ओळखणारं ते जाळं सीइंग एफडब्ल्यूएचएम (चित्रातल्या ताऱ्याची रुंदी) आणि पिक्सेल स्केल या दोन आकड्यांवर चालतं. मुळातले आकडे १.२ विकला आणि पिक्सेलला १ विकला, म्हणजे मोठ्या दुर्बिणीचे. माझा तारा साठपासष्ट विकला रुंद. दोन्ही आकडे बदलल्यावर ३००च्या वर आले, तरी फ्रेमच्या कोपऱ्यांतले तारे पडतच राहिले, कारण तिथे लेन्स त्यांना शेपूट काढते. हा रकाना सोडून दिला. ५० मिमी लेन्सच्या फ्रेममध्ये दीर्घिका वेगळ्या काढायची मला गरजही नव्हती.

२२ जानेवारी, बुधवार.

सापडलेली जागा आकाशातल्या कोणत्या ताऱ्याची, हे जुळवायला अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटचं सॉल्व्ह-फील्ड बसवलं. त्याला इंडेक्स फाइली, म्हणजे ताऱ्यांच्या ठेवणीच्या तयार याद्या, लागतात. २५ अंश रुंद फ्रेमला ४१०० मालिकेतल्या मोठ्या क्षेत्राच्या फाइली पुरतात. मी आधी बारीक क्षेत्राच्या उतरवायला घेतल्या होत्या, मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला आणि त्या उपयोगाच्या नव्हत्याच. पिक्सेल स्केल २५ ते ३५ विकलांच्या मध्ये आहे असं सांगितलं की मिनिटाच्या आत उत्तर येतं. माझं ३०.६ आलं, कागदावरच्या हिशेबाच्या अगदी जवळ. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण जमिनीवर उभे आहोत.

त्याआधी मी नकाशा हातात घेऊन डोळ्यांनी जुळवत बसलो होतो आणि काहीच जुळत नव्हतं. फिट्समध्ये वायची मोजणी खालून सुरू होते, माझ्या स्क्रिप्टने पहिली ओळ वरची धरली होती. सगळं आकाश आरशातलं. एका ओळीत उलटं केलं.

टायको-२ या ताऱ्यांच्या कॅटलॉगशी ताडून पाहिलं. गच्चीवरच्या एका फ्रेममधल्या ५१७ पैकी ५०१ दोन पिक्सेलच्या आत जुळले. न जुळलेल्यांत सगळ्यात तेजस्वी वस्तू रोहिणीच्या उत्तरेला साधारण पाच अंशांवर. पुतणीने मला विचारायच्या आधीच बाहेर जाऊन पाहिलं आणि आत येऊन सांगितलं, “गुरू आहे तो. ताऱ्यांच्या यादीत कसा असेल?”

२६ जानेवारी, रविवार. फैजपूर.

शाळेचं झेंडावंदन उरकून पुतणीला घेऊन मामांकडे. आतेभावाला त्या दिवशी काम नव्हतं. ट्रायपॉड बागेत दोन ओळींच्या मध्ये लावला, कारण तिथे वारा लागत नाही. पावणेनऊला सुरुवात, दर मिनिटाला एक फ्रेम.

दहाला थ्री फेज आली. मामा मोटार चालू करायला आले, मोटारीच्या खोलीवरचा दिवा लागला. “किती झाल्या चांदण्या?” म्हणाले. मी म्हटलं, उद्या सांगतो. ते ओट्यावर बसले, मृगाच्या तिकांडाकडे बोट करून म्हणाले, “आमच्या आजाचं घड्याळ हेच होतं. तिकांडं कुठं आलं ते पाहून पाणी बंद करायचे.” अर्धा तास बसले. मला ती रात्र फ्रेमपेक्षा त्या अर्ध्या तासासाठी आठवते.

२७ जानेवारी, सोमवार.

सगळ्या फ्रेमवर एकदम आज्ञा चालवायला टर्मिनलमध्ये फॉर लूप लिहिला. १४० फ्रेम, प्रत्येकीला दीडदोन सेकंद. संपल्यावर फोल्डरमध्ये कॅटलॉग एकच. नाव दिलं नाही तर सॉफ्टवेअर दर वेळी टेस्ट कॅट याच फाइलीत लिहितं आणि आधीचं पुसतं. ‘कॅटलॉग नेम’ या पॅरामीटरला फ्रेमचं नाव जोडून परत चालवलं.

दहापर्यंतच्या फ्रेममध्ये १,६००च्या आसपास तारे. दहानंतर एकदम ४,३००! अपर्चरचं चित्र उघडलं तर उजव्या कोपऱ्यात लंबवर्तुळांचं केळीचं पान. अगदी मधली शीर, फाटलेल्या कडा, सगळं. दिवा लागायच्या आधी ते पान काळं होतं, म्हणून त्याच्यावर काही सापडत नव्हतं. दिवा लागला, पान उजळलं आणि त्याचा प्रत्येक दोरा तारा झाला. झाकून टाकावं तर पान वाऱ्याने जागा बदलतं.

साडेदहानंतर आकडा उतरायला लागला. ४,३०० वरून ३,०००, मग १,१००, शेवटच्या फ्रेममध्ये २१०. एफडब्ल्यूएचएमचा मध्यक २.१ वरून ३.४ वर. हे दव. बागेतल्या ओलाव्याने लेन्सवर बसलं होतं आणि मला अंधारात कळलंच नाही. तारे पश्चिमेला कलले की थोडे कमी होणारच, पण एवढे नाही. १४० पैकी उपयोगाच्या ७०.

२८ जानेवारी, मंगळवार. फैजपूर, एकटाच.

ट्रायपॉड बागेबाहेर गाडरस्त्यावर. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी आणली, ६०० रुपये, लेन्सभोवती गुंडाळली. मामांनी दिवा बंद ठेवला, मोटार बॅटरीच्या उजेडात चालू केली. ४० फ्रेम, मध्यक १,६४०. उलट्या चित्रात १४. शेवटची फ्रेम पहिलीइतकीच स्वच्छ.

२९ जानेवारी, अमावस्या. गच्ची.

तुलना सरळ व्हावी म्हणून गच्चीच्या फ्रेम पक्क्या सेटिंगवर नव्याने घेतल्या: तोच आयएसओ, तेच छिद्र, तेच ४ सेकंद, रोहिणी जवळपास त्याच उंचीवर. ४० फ्रेम, मध्यक ५३१.

३० जानेवारी, गुरुवार. पालच्या बाजूला.

फैजपूरहून मोटारसायकलवर. चंद्रकोर लवकर मावळली. थंडी अशी की शटरची केबल कडक झाली होती. आकाश पाहून वाटलं, इथे अडीच हजार तरी येतील. ४० फ्रेम घेऊन शेकोटीपासून लांब बसून तिथेच लॅपटॉपवर चालवल्या.

१,४८०. बागेपेक्षा कमी.

डोळ्यांना दिसत होतं की हे खरं नाही. कृत्तिकांभोवतीची धूळ दिसावी इतका काळोख होता. मी थ्रेशोल्ड खाली आणायला हात घातला होता, आणला असता तर सगळा प्रकल्प तिथेच बिघडला असता. आधी एफडब्ल्यूएचएमचा मध्यक काढला: ३.०. दव नव्हतं, काच कोरडी. गरम पट्टी बांधताना फोकसची कडी फिरली होती. तारे फुगले, प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरला आणि फिकट तारे तीन सिग्माच्या, म्हणजे माझ्या थ्रेशोल्डच्या, खाली गेले.

गुरूवर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून फोकस नव्याने केला, कडीवर चिकटपट्टी लावली, मग पट्टी बांधली. एफडब्ल्यूएचएम २.१. दुसऱ्या ४० फ्रेमचा मध्यक १,९०५, उलट्यात ११. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: मध्यक एफडब्ल्यूएचएम २.४ च्या वर असेल ती फ्रेम मोजायची नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.

आकडे एकत्र लिहून ठेवतो. गच्ची ५३१, बाग १,६४०, पालची बाजू १,९०५. ४ सेकंद, हिरवे पिक्सेल, डिटेक्ट थ्रेश ३, मिनएरिया ५, फिल्टर चालू, बॅक साइज (पार्श्वभूमी मोजायच्या चौकोनाची बाजू) ६४, सॅटर लेव्हल १३,०००, डार्क वजा. बॅक साइज मी मध्ये एकदा ५१२ करून पाहिली होती. गच्चीवरच्या फ्रेममध्ये शहराच्या बाजूचा उजेड उतरंडीने चढतो, तो एवढ्या मोठ्या चौकोनांत नीट पकडला जात नाही आणि त्या कडेला खोटे तारे वाढतात. ६४ वर परत आलो.

खर्च: ट्रायपॉड जुना ९००, केबल ४५०, गरम पट्टी ६००, पेट्रोल ७८०. एकूण २,७३०. रात्री सहा, त्यातल्या पूर्ण उपयोगाच्या तीन.

मामांना फोनवर आकडे सांगितले. बाग आणि सातपुडा यांच्यात एवढाच फरक, याचं त्यांना बरं वाटलं. गच्चीचा आकडा ऐकून थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आणि आमचा दिवा चालू असता तर?”

ते मोजलेलं नाही. २६ तारखेच्या फ्रेममध्ये पानं आहेत, त्यामुळे त्या चालणार नाहीत. गाडरस्त्यावरून दिवा चालू ठेवून २० आणि बंद ठेवून २०, असं घ्यावं लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार.

पौर्णिमा तीन दिवसांवर, म्हणून फ्रेम नाहीत. मामांनी फोन करून सांगितलं की मोटारीच्या खोलीवरच्या दिव्याला जुन्या डब्याच्या पत्र्याची टोपी ठोकली आहे, उजेड आता फक्त स्टार्टरवर पडतो. म्हणजे आता तीन मोजण्या: टोपी काढून, टोपी लावून, दिवा बंद ठेवून. २७ फेब्रुवारीला अमावस्या आहे, आतेभावाला कॅमेरा मागून ठेवला आहे. तोवर रोहिणी अंधार पडतानाच पश्चिमेला कललेली असेल, म्हणून साडेसातलाच सुरुवात करायची.